उतरणीची वेळ

डावा खांदा विमानाच्या गार पत्र्याला टेकलाय. उजवीकडे फ्लाइट इंजिनिअर काट्यांनी भरलेल्या फलकाकडे तोंड करून बसलाय. समोर दोन पाठमोऱ्या खुर्च्या आणि त्यांच्या मधून दिसणारे बँकॉकच्या धावपट्टीचे दिवे. तारीख ६ जुलै १९६२, तिथल्या घड्याळात रात्रीचे सव्वादहा. तुम्ही कॉकपिटमधल्या जास्तीच्या घडीच्या खुर्चीवर बसला आहात. तुम्ही कोणाला दिसत नाही, तुमचा आवाज कोणाला ऐकू जात नाही. बघायचं तेवढं बघून घ्या.

विमान इटलीच्या अलितालिया कंपनीचं, डग्लस डीसी-८. सिडनीहून निघालं, डार्विन आणि सिंगापूर करत इथवर आलं. पुढे मुंबई, कराची, तेहरान आणि शेवटी रोम. प्रवासी ८५, कर्मचारी ९. पंखांखाली रोल्स-रॉइसची चार कॉनवे इंजिनं. जेटचा जमाना अगदी नवा आहे. आपल्या एअर इंडियाचा सगळा ताफा जेट विमानांचा झाला तो गेल्याच महिन्यात. आत्ताआत्तापर्यंत पंख्याच्या विमानांवर तासन् तास काढलेली माणसं आता दुप्पट वेगाने आणि दुप्पट उंचीवरून जाऊ लागली आहेत.

चार थ्रॉटल एकदम पुढे सरकतात. आधी आवाज येतो, मग धक्का. पाठ खुर्चीत रुतते, दिव्यांच्या रांगा दोन्ही बाजूंनी मागे पळू लागतात आणि कप्तान हलक्या हाताने सुकाणूचा योक मागे घेतो. खडखडाट थांबतो. पावसाळी ढगात शिरल्यावर काचेवर पाण्याचे ओहोळ उलटे, वरच्या दिशेला धावतात. विमान हिंदकळतं, कोणी काही बोलत नाही, सगळ्यांच्या नजरा काट्यांवर. काही मिनिटं अशी जातात आणि मग अचानक काच कोरडी होते. वर सगळं आभाळ चांदण्यांनी भरलेलं, पश्चिमेला आषाढातली बारीक कोर, आणि खाली आत्ता ओलांडून आलो तो ढगांचा पसारा, अधूनमधून आतून विजेने उजळणारा.

वैमानिकाच्या नोकरीत सुख कुठलं, असं कोणी विचारलं तर मी त्याला इथे आणून बसवेन. पगार चांगला, गणवेशावर सोनेरी पट्ट्या, गावोगावची हॉटेलं, घरच्यांच्या डोळ्यांतलं कौतुक, हे सगळं खरं आहे आणि त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण ज्यांनी आयुष्यभर हे काम केलं ती माणसं निवृत्त झाल्यावर आठवण काढतात ती ढगातून वर आल्याच्या त्या क्षणाची. खाली जगाला पाऊस लागलाय आणि आपण त्याच्या वर, कोरड्या चांदण्यात. कित्येक टनांचं यंत्र दोन बोटांच्या इशाऱ्यावर चालतंय. दुसऱ्या कुठल्याही कामात रोजच्या रोज हे मिळत नाही.

आता घड्याळाकडे बघा. कॉकपिटच्या फलकावर ग्रीनिचची वेळ आहे, कारण आकाशात सगळे व्यवहार त्याच वेळेवर चालतात. बँकॉकमध्ये झोपायची वेळ होऊन गेली, मुंबईत आणखी दीड तासाने होईल, रोममध्ये अजून दुपार आहे. शरीराला यातलं कुठलं घड्याळ लावायचं? लांब पल्ल्याच्या वैमानिकाला भूक अवेळी लागते, झोप भर दुपारी हॉटेलचे पडदे ओढून घ्यावी लागते, आणि जागं राहायचं ते नेमकं पहाटे, जेव्हा मेंदू सगळ्यांत मंद असतो. ही दमणूक चेहऱ्यावर दिसत नाही. हिशेब करताना एखादा आकडा तपासायचा राहतो, तिथे ती दिसते.

आंध्रचा किनारा मागे पडतो आणि तुम्ही दख्खनवर येता. खाली मिट्ट काळोख. मधूनच एखाद्या गावाचे चार दिवे ढगांच्या फटीतून दिसतात आणि जातात. हे कुठलं गाव, कोणाला ठाऊक! गोदावरीचं खोरं, मराठवाड्याची माळरानं, पंढरीच्या वाटेवर मुक्कामाला थांबलेल्या पालख्या, सगळं पायाखालून किंवा थोडं बाजूने निघून जातं. तासाला ९०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १५. आपल्याकडे माणूस एका मिनिटात शेताचा बांध ओलांडतो. इथे एका मिनिटात एक तालुका अर्धा सरतो.

आपण आत्ता कुठे आहोत, हे कळायचं कसं? वाट दाखवणारे उपग्रह नाहीत. विमानाची जागा आपोआप सांगणारी जडत्वाची यंत्रणा प्रवासी विमानांत यायला अजून सात-आठ वर्षं आहेत. जमिनीवरच्या रेडिओ बीकनकडे वळणारी एक सुई असते, आणि वादळी हवेत ती विजेच्या दिशेलाही वळते. बाकी भिस्त दिशा, वेग, वेळ आणि वाऱ्याचा अंदाज यांच्या गणितावर. हे गणित पावसाळ्यात दख्खनवर फार अवघड होतं. जुलैत आपल्या डोक्यावर वरच्या थरात वारे पूर्वेकडून वाहतात आणि खालच्या थरात मोसमी वारा अरबी समुद्राकडून जोराने येतो. म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या विमानाला वर असताना वारा पाठीमागून ढकलतो आणि उतरू लागल्यावर तोच तोंडावर येतो. वर जमलेला वेगाचा ठोकताळा खाली तसाच धरून चालत नाही.

मुंबईशी रेडिओवर बोलणं सुरू झालंय. उतरायला परवानगी मिळते, टप्प्याटप्प्याने, अखेर चार हजार फुटांपर्यंत. धावपट्टी २७, म्हणजे पूर्वेकडून येऊन पश्चिमेला तोंड करून उतरायचं. समुद्रावर वळसा घालायला नको, सरळ घाटावरून खाली. कप्तान थ्रॉटल मागे घेतो. आवाज मऊ होतो. मागे हवाई सुंदऱ्या कप-बशा आवरू लागल्या असतील. उतरणीची ही सुरुवात प्रवाशाला जाणवतही नाही, कानात थोडे दडे बसतात एवढंच. वैमानिकाला मात्र सगळ्या प्रवासात अचूक साधायची असते ती हीच वेळ. उशिरा उतरायला लागलं तर विमान धावपट्टीच्या डोक्यावरून पुढे जाईल; लवकर लागलं तर खाली काय आहे हे आधी माहीत पाहिजे.

उंची दाखवणाऱ्या सुईकडे नीट बघा. ती हवेच्या दाबावर चालते आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवते. खालची जमीन वर वर चढत आली तरी तिला त्याचा पत्ता नसतो. सुई चार हजार म्हणते तेव्हा ठाण्याच्या खाडीवर पायाखाली चार हजार फूट मोकळी हवा असते. जुन्नरच्या बाजारपेठेवर ती जेमतेम पावणेदोन हजार उरते, कारण जुन्नर गावच समुद्रापासून सव्वादोन हजार फुटांवर वसलंय. आणि जुन्नरच्या पश्चिमेला, आंबेगावच्या हद्दीला लागून, डोंगरांची जी रांग उभी आहे तिच्यावर काहीच उरत नाही.

आणि समोरच्या माणसाच्या हिशेबात तो आत्ता मुंबईच्या बराच जवळ आला आहे.

शेवटच्या मिनिटात मी तुम्हाला त्या खुर्चीवर बसू देणार नाही. उठा, खाली या.

पुणे जिल्ह्याची ही अगदी पश्चिमेची कड. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतला महादेव कोळी आणि ठाकर लोकांचा मुलूख. आषाढ लागलाय आणि पाऊस असा, की आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. तुम्ही एका घराच्या ओसरीवर उभे आहात. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. दाराशी उभं केलेलं इरलं, त्यावरून पाणी ठिबकतंय. आवणीचे दिवस आहेत. दिवसभर खाचरात वाकून बोटाबोटाने भाताची रोपं लावलेली माणसं पाठ टेकताच झोपी गेली आहेत. चुलीत निखारा राखेखाली झाकून ठेवलाय, कारण सकाळी ओल्या लाकडाला पहिली काडी लावणं म्हणजे तास जातो. ना विजेचा खांब, ना रस्ता, ना डोंगरमाथ्यावर एखादा दिवा. डिंभ्याचं धरण नाही, माणिकडोह नाही. खोरी अजून शेतांनी भरलेली आहेत.

वरून हा मुलूख कसा दिसला असता, याचा विचार करा. जिथे ढग नव्हते तिथेही काळोखच दिसला असता, आणि वरून बघणाऱ्याला काळोख सगळीकडे सारखा: समुद्राचा, माळाचा, डोंगराचा. कोकणातून वर बघितलं तर सह्याद्री भिंतीसारखा अंगावर येतो, कुणालाही कळतो. दख्खनच्या बाजूने येणाऱ्याला तो असा कधी भेटतच नाही. जमीन हळूहळू चढत जाते, टेकड्या डोंगर होतात, डोंगर उंच होतात, आणि अगदी कडेलोटाच्या ठिकाणी ते सगळ्यांत उंच असतात. शिवनेरीवर उभं राहून पश्चिमेला बघितलेल्या कोणालाही हे सांगायला लागणार नाही. नाणेघाटाने दोन हजार वर्षं बैल हाकणाऱ्यांना ते माहीत होतं. रात्री ताशी पाचशे किलोमीटरच्या वेगाने येणाऱ्या परक्या माणसाला ते कोण सांगणार?

बारा वाजून दहा मिनिटं. पावसाच्या आवाजावर आधी घरघर येते, मग ती एवढी वाढते की ओसरीचा मेढा थरथरतो. डोंगराच्या अंगाला ढग एकदम लाल होतो. आवाज त्यानंतर येतो, आणि खोऱ्यात घुमत राहतो.

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० फुटांवर विमान डोंगराला धडकलं. चौकशी अहवालात त्या डोंगराचं नाव दावंड्याची असं नोंदलं गेलं. मुंबई अजून ८४ किलोमीटर लांब होती. ९४ माणसांपैकी एकही वाचलं नाही. मागल्या जुलैत फुटलेल्या पानशेत धरणाची जखम पुणे जिल्ह्यात अजून ओली होती, आणि दुसऱ्या पावसाळ्यात हे. वर चढायला वाट होती ती गुराख्यांची, शेवाळलेल्या कातळावरून, करवंदीच्या जाळ्यांतून आणि हिरड्याच्या झाडांखालून. ज्यांचं विमानाशी कधी काही देणंघेणं आलं नव्हतं त्या माणसांच्या डोंगरावर, जिथे त्यांची गुरं चरत होती तिथे, सिडनी आणि रोमच्या मधलं एवढं सगळं येऊन पडलं होतं.

८४ किलोमीटर हे अंतर मोठं वाटतं. उतरत्या जेट विमानासाठी ती साधारण दहा मिनिटं असतात. पंख्याच्या विमानाच्या काळात दहा मिनिटांची चूक झाली तर माणूस याच्या निम्मंच अंतर चुकायचा, आता तेवढ्याच वेळात तो एक अख्खी पर्वतरांग चुकू लागला होता.

अहवालाने कारण स्पष्ट शब्दांत दिलं. दिशा आणि अंतर ठरवण्यात चूक झाली, त्यामुळे आपण मुंबईच्या प्रत्यक्षापेक्षा बरेच जवळ आलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला आणि रात्री, काही दिसत नसताना, तो वेळेआधी उतरला. त्याला जोडून तीन गोष्टी: आपली नेमकी जागा ताडून बघायला हाताशी असलेल्या साधनांचा वापर केला नाही, ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान आणलं, आणि मार्गावरच्या भूभागाची वैमानिकाला ओळख नव्हती.

तिसऱ्या कारणाशी मी नेहमी थबकतो. पहिली दोन माणसाच्या हातातली आहेत. त्यांचा दोष त्याच्याकडे जातोच आणि जायलाही हवा. पण परक्या मुलखाची ओळख नसणं हा तर या पेशाचा रोजचा भाग आहे. एका आठवड्यात चार देश, आठ विमानतळ, आणि प्रत्येकाच्या भोवती कोणाच्या तरी पिढ्यान् पिढ्यांच्या ओळखीचे डोंगर. एवढ्या जगावरून सहज जाता येणं हे वैमानिकाचं सगळ्यांत मोठं सुख. आणि त्यातल्या कुठल्याच जमिनीला आपण ओळखत नाही, ही त्याच सुखाची दुसरी बाजू. कचेरीतल्या माणसाने बेरीज चुकवली तर दुसऱ्या दिवशी लाल शाईने दुरुस्त होते. इथे दुरुस्तीला दिवसच मिळत नाही, आणि चुकीची किंमत एकटा चुकणारा देत नाही. ९३ जणांचा भार पाठीवर घेऊन बसणं, तेही रोज, वर्षानुवर्षं, चेहऱ्यावर काही न दाखवता! पट्ट्या सोनेरी असतात खऱ्या, पण त्यांचं वजन फार असतं.

हे दुसऱ्या देशातल्या वैमानिकांचं म्हणून बाजूला ठेवू नका. आणखी एका सकाळी चला, २४ जानेवारी १९६६. या वेळी विमान आपलं, एअर इंडियाचं बोइंग ७०७, नाव कांचनजंगा. मुंबईहून निघून दिल्ली, बैरुत करत ते जिनिव्हाला उतरायला लागलंय. समोर आल्प्सचे ढग. विमानातला दिशा दाखवणारा एक रेडिओ संच बंद पडलेला आहे. माँ ब्लाँचं शिखर आपण ओलांडलं, असं कप्तान समजतो. नियंत्रक त्याची जागा सुधारून सांगतो, पण ते शब्द असे पडतात की ऐकणाऱ्याचा गैरसमज तसाच राहतो. विमान उतरत राहतं. आल्प्समधल्या त्या सर्वांत उंच पर्वतावर, फ्रान्स आणि इटलीच्या सीमेजवळ, ११७ माणसं गेली. त्यांच्यात अणुशास्त्रज्ञ होमी भाभा होते.

साडेतीन वर्षांच्या अंतराने इटलीचं विमान आपल्या डोंगराला आणि आपलं विमान इटलीच्या दाराशी असलेल्या डोंगराला धडकलं, आणि दोन्हीकडे समज एकच: डोंगर मागे पडले. ज्यांना शिवनेरीची रांग पाठ होती ते त्या रात्री कॉकपिटमध्ये नव्हते. ज्यांना माँ ब्लाँ घरच्यासारखा होता ते या सकाळी नव्हते. आणि भाभांनी उभी केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था पुढे महादुर्बिणीसाठी जागा शोधत कुठे आली? जुन्नर तालुक्यात, खोडदला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या त्या परिसरातून आज आभाळाचे रेडिओ संदेश ऐकतात. नारायणगावहून खोडदला जाताना त्या पांढऱ्या तबकड्या शेतांच्या मागे दिसल्या की मला हे दोन्ही डोंगर एकदम आठवतात.

मग अशा धडका टाळण्यासाठी सुधारणा झाली कधी? झाली, पण आणखी बरीच माणसं गेल्यावर. कॅनडात जन्मलेला डॉन बेटमन नावाचा अभियंता १९६०च्या दशकाच्या अखेरीस एका पेटीच्या मागे लागला होता. विमानाच्या पोटाखालच्या रेडिओ लहरी जमिनीवर आपटून परत येतात. जमीन फार झपाट्याने जवळ येऊ लागली की पेटीने ओरडावं, एवढी साधी कल्पना. १ डिसेंबर १९७४ला वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे उतरणारं टीडब्ल्यूए कंपनीचं विमान व्हर्जिनियातल्या डोंगराला धडकलं, ९२ जण गेले. उतरायची परवानगी मिळाली म्हणजे लगेच तेवढं खाली यायला हरकत नाही, असा तिथेही समज झाला होता. त्यानंतर अमेरिकेने ही पेटी सक्तीची केली. तरी तिची नजर फक्त पायाखाली होती. समोर सरळ कडा आला तर तिला उशिरा कळायचं. १९९०च्या दशकात बेटमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिच्यात जगाच्या डोंगरांचा नकाशाच भरला. सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथले लष्करी नकाशे मिळवून त्यांनी त्यातल्या मोकळ्या जागा बुजवल्या. या एका माणसाने किती जणांना घरी पोचवलं असेल, हे मोजता येणार नाही. त्याचं नाव आपल्या शाळांत सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

आता आजची रात्र. पुन्हा जुलै, पुन्हा पाऊस, आणि तुम्ही आता उजव्या खुर्चीत आहात, सहवैमानिक म्हणून. विमान एअरबस ए-३२०, येणं पूर्वेकडून, जाणं मुंबईला. डाव्या खुर्चीत कप्तान मॅडम. स्त्री कप्तान दिसली म्हणून आज कोणी दचकत नाही, पण १९८५ साली सौदामिनी देशमुख यांनी केवळ स्त्रियांच्या चमूसह इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान कलकत्त्याहून सिल्चरला नेलं तेव्हा ती देशभर बातमी झाली होती. मागचं दार कुलूपबंद आहे. १९६२ साली प्रवाशाच्या पोराला बोट धरून कॉकपिट दाखवायला आणता यायचं. २००१ नंतर जगभर ती दारं बंद झाली, आणि या कामातला थोडा एकांत वाढला.

ड्यूटीवर येताच तुम्ही नळीत फुंकून दारू प्यायलेली नाही हे दाखवलंत. आदल्या १२ तासांत थेंबही चालत नाही. वर्षाला हजार तासांच्या वर उडायचं नाही. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये इंजिन पेटवलं जातं आणि तुमचे हात थरथरतात का ते बघितलं जातं. वैद्यकीय तपासणीत एखादा आकडा वर गेला की त्या दिवसापासून लायसन्स बाजूला, मग तुमच्या गृहकर्जाचे हप्ते कितीही उरलेले असोत. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ करायला देशाला २०२५ साल उजाडलं. गौरी-गणपतीला आपण घरी असू की गुवाहाटीच्या हॉटेलात, हे रोस्टर लागल्यावर कळतं. लेकीच्या गॅदरिंगचा व्हिडिओ तुम्ही बसमध्ये बघता, विमानतळावरून हॉटेलला जाताना, आवाज बंद करून, कारण शेजारी सहकारी झोपलेला असतो.

आणि तरीही आत्ता, ढगांच्या वर, तेच चांदणं आहे.

“उतरणीचं ब्रीफिंग घेऊ या,” मॅडम म्हणतात.

तुम्ही वाचायला लागता. धावपट्टी २७. वारा. उतरण सुरू करायची जागा. हजार फूट उतरायला साधारण तीन सागरी मैल, वर तोंडावरच्या वाऱ्याचा हिशेब. आणि मग घाटाच्या या बाजूची किमान सुरक्षित उंची, आकडा मोठ्याने.

“मॅडम, कंट्रोलने याच्या खाली बोलावलं तर?”

“आधी आपण कुठे आहोत ते बघायचं. दोघांनी. मग हो म्हणायचं.”

समोरच्या पडद्यावर डोंगर रंगांत दिसतायत, हिरवे. विमान अजून बरंच वर आहे म्हणून पिवळं, लाल काही नाही. ढगांना फट पडते. खाली पुणे-नाशिक रस्त्याची पिवळी माळ, आळेफाटा, नारायणगाव. तिथल्या बाजारात टोमॅटोच्या गाड्या लागल्या असतील. मंचरच्या बाजूला दिवेच दिवे. थोडं पुढे काळोखात फिकट पाणी: येडगाव, वडज, माणिकडोह, डाव्या हाताला डिंभे. एवढं पाणी १९६२ सालच्या वैमानिकाने इथे पाहिलं नव्हतं. पाण्यापलीकडे दिवे विरळ होत जातात, आणि मग सह्याद्रीची ती कड येते, साठ वर्षांपूर्वी होती तेवढीच काळी.

“जुन्नर ना हे?” मॅडम विचारतात.

“हो. पलीकडे ते डोंगर.”

त्यांना कुठले डोंगर ते विचारावं लागत नाही. दहा हजार फुटांखाली कामाशिवायचं बोलायचं नसतं, तुम्ही अजून वर आहात. पण दोघंही गप्प राहून उंचीचा आकडा वाचता. घाटावर येताच हेलकावे सुरू होतात. समुद्रावरून आलेला वारा कड्याला आपटून वर उसळतो आणि विमानाला खालून रट्टे देतो. पट्टे बांधलेले आहेत, मागे एखादं पोर रडत असेल. मग कड संपते, जमीन एकदम अडीच-तीन हजार फूट खाली जाते, आणि कोकण सुरू होतं. आता खाली यायला हरकत नाही. कल्याण, ठाण्याची खाडी, पावसात भिजलेले उंच इमारतींचे लाल दिवे. सातशे फुटांवर ढग फाटतो आणि काचेच्या वायपरमागे धावपट्टीच्या दोन ओळी, जिथे असायला हव्या होत्या अगदी तिथेच. चाकं पाण्यात टेकतात. मॅडम एका शब्दाने शाबासकी देतात. या एका मिनिटासाठी माणसं ही नोकरी सोडत नाहीत.

इंजिनं बंद. तांत्रिक वहीत दोन ओळी, सही. शिडीच्या दाराशी पुढचे दोघं उभे आहेत, हेच विमान घेऊन नागपूरला निघालेले आणि पहाटे याच वाटेने परत येणारे. त्यांतला तरुण पहिल्याच पावसाळ्यात उडतोय.

“कसं आहे, सर?” तो विचारतो.

“वीस हजारांपर्यंत ढग जवळपास सलग,” तुम्ही टोपी काखेत मारत सांगता, “खाली पश्चिमेचा वारा जोरात आहे, अंदाजापेक्षा जास्त. परत येताना वेग आधीच कमी होईल, उतरणीचा हिशेब नव्याने कर. घाटावर हेलकावे आहेत, प्रवाशांना जुन्नरच्या आधीच बसवून घे. आणि कड ओलांडेपर्यंत खाली येऊ नकोस, कोणी कितीही घाई केली तरी.”

तो वहीवर वाऱ्याचा आकडा लिहून घेतो, मान हलवतो आणि आत जाऊन उजव्या खुर्चीची उंची स्वतःच्या मापाची करायला लागतो.